शेपचा एकच कोपरा हलवायचाय? मग आधी हे वाचा

आफ्टर इफेक्ट्समध्ये (अ‍ॅडोबीचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) शेप लेयर, म्हणजे आत काढलेल्या आकारांचा लेयर, वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधीतरी हा प्रश्न पडतोच की चौकोनाचे चारही कोपरे एकत्र नकोत, एक आधी निघायला पाहिजे, दुसरा जरा मागून यायला पाहिजे, आणि मग ते करायचं कसं. सगळं सविस्तर सांगतो, कारण ही गोष्ट एकदा जमली की तुमच्या शेप्सना खरंच वजन आल्यासारखं वाटायला लागतं.

सगळ्यात आधी तुमचा चौकोन बेझियर पाथ, म्हणजे सुटे पॉइंट्स जोडून बनलेली रेघ, आहे का ते बघा. रेक्टँगल टूलने सरळ काढलेल्या चौकोनाला साइज आणि राउंडनेस असतं पण वेगळे पॉइंट्स नसतात, त्यामुळे कोपरा पकडायला गेलात तर काही हाताला लागणारच नाही. टाइमलाइनमध्ये कंटेंट्स उघडून रेक्टँगल पाथवर राइट क्लिक करा आणि कन्व्हर्ट टू बेझियर पाथ निवडा. आता साइज जाऊन तिथे फक्त पाथ दिसेल. लक्षात ठेवा, साइजला आधी कीफ्रेम्स (ठराविक फ्रेमवर नोंदवलेल्या किमती) दिल्या असतील तर त्या यात पुसल्या जातात, प्लेहेड (टाइमलाइनवरची चालू वेळेची खूण) ज्या फ्रेमवर असेल तिथला आकार तेवढा राहतो. म्हणून हे काम अगदी सुरुवातीलाच उरकून घ्यायचं.

आता साधा रस्ता म्हणजे पाथचं स्टॉपवॉच दाबा म्हणजे पहिली कीफ्रेम पडते, पुढच्या एखाद्या फ्रेमवर जा, एका पॉइंटवर क्लिक करा (निवडलेला पॉइंट भरीव चौकोन दिसतो, बाकीचे पोकळ) आणि ओढा. ॲरो कीने एक एक पिक्सेल सरकतो, शिफ्ट धरून दहा दहा. झालं, कोपरा हलला.

पण इथेच गोची आहे. स्टॉपवॉच एकच आहे. म्हणजे कीफ्रेममध्ये चारही पॉइंट्सच्या जागा एकत्र साठवल्या जातात, त्यामुळे एका कोपऱ्याची वेळ चार फ्रेम पुढे ढकलायची म्हटलं तर चौघेही ढकलले जातात, इझिंगही (वेग हळूहळू वाढवणं आणि कमी करणं) सगळ्यांना तेच. शिवाय दोन पाथ कीफ्रेम्सच्या मध्ये प्रत्येक पॉइंट सरळ रेषेत जातो. हे स्वतः करून बघा, पाथचे पॉइंट्स फिरवून चौकोनाला ९० अंशाचा वळसा द्या आणि बरोबर मधल्या फ्रेमवर थांबा. चौकोन आक्रसलेला दिसेल, क्षेत्रफळ मोजलंत तर बरोबर निम्मं. १८० अंश केलंत तर मध्यावर चारही कोपरे एकमेकांवर येऊन शेप गायबच होतो. नुसतं फिरवायचंच असेल तर लेयरचं रोटेशन वापरा, पाथला हात लावू नका.

कोपऱ्यांना वेगवेगळी वेळ द्यायची तर नल वापरायचे, म्हणजे रेंडरमध्ये न दिसणारे रिकामे लेयर, ज्यांना दुसऱ्या गोष्टी बांधता येतात. आफ्टर इफेक्ट्सच्या २०१८ च्या व्हर्जनपासून विंडो मेनूमध्ये क्रिएट नल्स फ्रॉम पाथ्स नावाचं पॅनल आहे. पाथ प्रॉपर्टी सिलेक्ट करा (लेयर नाही, पाथच, नाहीतर नल बनतच नाहीत) आणि पॉइंट्स फॉलो नल्स दाबा. प्रत्येक कोपऱ्यासाठी एक असे चार नल तयार होतात आणि आता प्रत्येकाला स्वतःचं पोझिशन, स्वतःच्या कीफ्रेम्स, स्वतःचा वेगाचा ग्राफ. वळणदार मार्ग हवा असेल तर नलच्या मोशन पाथची हँडल्स ओढून तोही मिळतो, जो पाथ कीफ्रेम्समध्ये कधीच मिळणार नाही.

बटण दाबायच्या आधी दोन गोष्टी मात्र तपासा. एक, कंटेंट्सच्या आत त्या शेपच्या ग्रुपचं जे ट्रान्सफॉर्म असतं त्याचं पोझिशन शून्य करा आणि शेप लेयरच्या पोझिशनने जागेवर आणा, नाहीतर नल कोपऱ्यांपासून लांब कुठेतरी जाऊन बसू शकतात. दोन, पॉइंट्स किती हवेत ते आधीच ठरवा. नल पॉइंटच्या नंबरवर बांधलेले असतात आणि मोजणी शून्यापासून होते, नंतर मध्येच एक पॉइंट घुसवला की पुढच्यांचे नंबर बदलतात आणि सगळा शेप पिळवटतो.

आता खरा प्रयोग. सेकंदाला २५ फ्रेमचा कॉम्प (कंपोझिशन) घ्या, ३०० बाय ३०० चा चौकोन, डावीकडून उजवीकडे ९०० पिक्सेल न्यायचाय. उजवीकडचे दोन नल पुढचे, त्यांना फ्रेम ० ते १२ द्या. डावीकडचे दोन मागचे, त्यांना ४ ते १६. सगळ्यांना एफ९ दाबून इझी इझ करा आणि प्ले करा. चौकोन आधी पुढे ताणला जातो आणि मग मागची बाजू फटकन येऊन मिळते, एवढ्या चार फ्रेमच्या फरकाने. आता वरच्या दोन नल्सच्या कीफ्रेम्स आणखी एक फ्रेम उशिरा करा, निघताना शेप किंचित मागे कलतो, जसं गाडी सुटताना आपलं डोकं मागे जातं ना तसं. शेवटी पुढचे नल १२ व्या फ्रेमला (वरचा १३ व्या) ४० पिक्सेल जास्त पुढे न्या आणि १७ व्या फ्रेमपर्यंत मागे जागेवर आणा. फरक चारच्या ऐवजी दहा फ्रेमचा केलात तर मात्र तो रबर वाटायला लागतो, माझ्या मते ३ ते ५ फ्रेम पुरतात.

यानंतर बरेच जण अडकतात ते म्हणजे शेप लेयर हलवला तरी शेप जागचा हलत नाही. बरोबरच आहे, पॉइंट्स आता नल्सना चिकटलेत. अख्खा शेप हलवायचा तर पाचवा नल बनवा आणि चारही त्याला पेरेंट करा, म्हणजे तो हलला की तेही हलतील. नल्सची नावं बदलली तरी चालतं, पुढचा वरचा, मागचा खालचा अशी ठेवाच, पण शेप लेयरवर जे इफेक्ट्स आपोआप आलेत त्यांची नावं बदलू नका, पाथवरचं एक्स्प्रेशन (आपोआप लिहिलेला छोटा कोड) त्याच नावांनी नल शोधतं. आणि हो, नल फक्त पॉइंटची जागा सांभाळतो. गोल शेपमध्ये कर्व्हची हँडल्स मूळ पाथमधलीच राहतात, नल फिरवून ती फिरत नाहीत.

स्ट्रोक (शेपच्या कडेची रेघ) असेल तर लाइन जॉइन, म्हणजे कोपऱ्यात रेघा जुळायची पद्धत, राउंड करून ठेवा. मायटर (टोकदार) जॉइन असला की कोपरा अरुंद होताना टोक सुईसारखं बाहेर निघतं आणि एका फ्रेमला अचानक तुटल्यासारखं सपाट होतं, प्लेबॅकमध्ये ते डोळ्याला खुपतं.

चाळीस पॉइंट्सचं चित्र असेल तर नल्सच्या वाटेला जाऊ नका, टाइमलाइन भरून जाईल, तिथे पाथ कीफ्रेम्सच बऱ्या. आणि एक शेप दुसऱ्यात बदलताना मध्येच गाठ पडल्यासारखा पिळला तर पहिला पॉइंट तपासा, इतरांपेक्षा जरा मोठा दिसतो तो. दोन्ही कीफ्रेम्सवर तो एकाच बाजूला हवा. नसेल तर योग्य पॉइंटवर राइट क्लिक करून मास्क अँड शेप पाथमध्ये सेट फर्स्ट व्हर्टेक्स दाबा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच गाठ सुटते.