ज्यू-अरब भांडण समजून घ्यायचं तर सुरुवात जमिनीपासून करा

अभ्यासिकेतले पोट्टे हमेशा विचारतात का भाऊ हे इस्रायल-पॅलेस्टाईनचं नेमकं मॅटर काय आहे, अन् कोणीतरी लगेच सांगून मोकळं होतं का हजारो वर्षांचं धर्माचं वैर आहे. ते पहिले डोक्यातून काढा. उस्मानी राज्यात, म्हणजे पॅलेस्टाईनवर तेव्हा राज्य असलेल्या तुर्कांच्या राज्यात, ज्यू शेकडो वर्षं राहत होते, बरोबरीचा दर्जा नव्हता हे खरं, पण आजचं भांडण तेव्हाचं नाही.

वही घ्या, पान मधातून दुमडा, एका बाजूला ज्यूंवर काय गुदरलं ते लिहा, दुसऱ्या बाजूला अरबांवर. ज्यूंचं १८८१ पासून लिहा, रशियात झारचा खून झाला अन् त्यांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, लोकं जीव घेऊन पळाले, बहुतेक अमेरिकेत अन् थोडे पॅलेस्टाईनमध्ये. मग १८९७, स्वित्झर्लंडमधल्या बाझलची परिषद, ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये स्वतःचं घर पाहिजे अशी मागणी करणारी, अन् तिचा पुढारी थिओडोर हर्झल.

आता अरबांची बाजू, अन् इथं घाई करू नका. १८५८ च्या उस्मानी कायद्यानं जमिनीची नोंद करायला लावली, टॅक्स अन् फौजेतल्या भरतीच्या धाकानं कितीतरी शेतकऱ्यांनी आपलं नाव लावलंच नाही, अन् जमिनी बड्या लोकांच्या नावावर चढल्या. बैरूतच्या सुरसॉक घराण्याकडे पॅलेस्टाईनमधल्या जेझ्रील खोऱ्यातली कितीतरी जमीन होती, ती १९२० च्या दशकात ज्यू संस्थांनी पैसे मोजून घेतली, कागद पक्के, पण पिढ्यानपिढ्या वाहणारी कुळं उठवली गेली. आपल्याकडे मालगुजारी ज्यांच्या आज्यानं पाहिली त्यांना हे जास्त सांगावं लागत नाही, कागद एकाचा अन् घाम दुसऱ्याचा.

मग इंग्रज, ज्यांच्या हातात पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाईन आलं. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रातून अरब राज्याचा शब्द दिला, १९१६ ला फ्रान्ससोबत गुपचूप वाटणी ठरवली, अन् २ नोव्हेंबर १९१७ ला इंग्रजांचा परराष्ट्रमंत्री बाल्फोरनं ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये 'राष्ट्रीय घर' कबूल केलं. माझ्या मते सगळ्यात मोठा दोष इथं आहे. या तीन तारखा लाल पेनानं लिहा.

१९२९ ला पॅलेस्टाईनमधल्या हेब्रॉन शहरात ६७ ज्यू मारले गेले. १९३६ ते ३९ अरबांचा उठाव, इंग्रजांनी तो फार क्रूरपणे चिरडला. अन् १९३९ ला, हिटलरपासून लोकं पळत असताना, इंग्रजांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या येण्यावर पाच वर्षांत ७५,००० ची मर्यादा घातली. युरोपात ६० लाख ज्यू मारले गेले. हे पान वाचताना दोन्ही बाजू एकदमच वाचा, नाहीतर एकाचंच दुःख दिसते.

२९ नोव्हेंबर १९४७ ला युनोत पॅलेस्टाईनचे ज्यू अन् अरब असे दोन देश करायचा फाळणीचा ठराव पास झाला, भारतानं विरोधात मत दिलं होतं. १९४८ ला इस्रायल झालं, त्या वेळच्या ज्यू-अरब लढाईत ७ लाखांवर पॅलेस्टिनी बेघर झाले, त्याला ते नकबा, म्हणजे मोठं संकट, म्हणतात, अन् पुढच्या वर्षांत इराक, येमेन, इजिप्तमधून लाखो ज्यूंना घरं सोडावी लागली.

१९६७ साठी नवीन पान अन् नवीन नकाशा घ्या, त्यात त्या वर्षीच्या लढाईत इस्रायलनं घेतलेले वेस्ट बँक, गाझा, गोलान अन् सिनाई रंगवा, सिनाई पुढं इजिप्तला परत गेलं म्हणून ते पेन्सिलनं.