नासच्या दोन केबल, दोन वेगळे स्विच
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात आलेले असताना नासची, म्हणजे पेढीच्या सगळ्या फाइली ठेवणाऱ्या नेटवर्कवरच्या स्टोरेज डब्याची, केबल उंदराने कुरतडली, की अख्ख्या पेढीचं बिलिंग ठप्प. बऱ्याच नासना दोन लॅन पोर्ट (नेटवर्क केबल लावायच्या जागा) असतात. दुसरं रिकामंच पडून असतं.

१. यार्ड बंद झाल्यावर नासच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दोन्ही पोर्टचा बाँड करा, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी. मोड ॲक्टिव्ह-बॅकअप (एक पोर्ट चालू, दुसरं राखीव); त्याला साधा स्विचही (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारा डबा) चालतो.
२. दोन केबल दोन स्विचला लावा, स्विच एकमेकांना जोडा. दोन्ही स्विच एकाच एक्स्टेंशन बोर्डावर नकोत, नाहीतर सगळा खटाटोप वाया.
३. मोठी फाइल कॉपीला लावून चालू केबल उपसा. कॉपी क्षणभर अडखळून पुढे गेली पाहिजे. ती परत लावून दुसरी उपसून बघा. ही पायरी गाळू नकाच.

वेग मात्र दुप्पट होत नाही. एका वेळी एकच केबल काम करते.