पायऱ्या खचल्यात? उचलण्याआधी या चुका टाळा

काळ्या मातीत घर असेल तर दारापुढच्या पायऱ्या बसणं काही नवीन नाही. घराचा पाया खाली मुरमापर्यंत जातो, पायऱ्या मात्र सगळ्यात शेवटी, बजेट संपत आल्यावर, प्लिंथच्या (घराच्या जोत्याच्या) कडेच्या भरावावर ओततात. तो भराव ना पाणी मारून बसवलेला, ना धुम्मस केलेला (ठोकून दाबलेला). मग दोन पावसाळ्यात पायरी खाली आणि प्लिंथपाशी बोटभर फट.

आता सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. वरून मसाला मारून लेव्हल करणे. लातूरकडच्या एका बंगल्यावर गेलो तर तीन पायऱ्यांवर जुना मसाला, त्यावर कोटा फरशी, त्यावर परत टाईल, आणि सगळं घराकडे कललेलं. मालक म्हणाले दरवर्षी मिस्त्री येतो, लेव्हल करून जातो. म्हटलं काका, वजन वाढवताय तुम्ही, जमीन तीच आहे. गच्चीचा पावसाळी पाईप बरोबर पायरीच्या कोपऱ्यात सोडलेला, खाली घुशींनी बीळ केलेलं, पाणी सरळ आत. हॉलच्या भिंतीला ओल का येते म्हणून त्यांनी वॉटरप्रूफिंगवाल्याला वेगळे पैसे दिलेले! आधी पाईप लांब काढला, बीळ खणून बुजवलं, टाईल फोडल्या, मग जॅकला हात लावला. म्हणून पायरी कुठे कललीये ते आधी बघा: घराकडे असेल तर बहुतेक प्लिंथकडचा भराव बसलाय, बाहेर असेल तर पुढची माती धुपलीये.

जॅक लावताना घाई करणारे तर विचारूच नका. चार फूट रुंद तीन पायऱ्यांचा भरीव ठोकळा साडेसहाशे-सातशे किलो भरतो, आणि लोक गाडीचा जॅक थेट मातीवर ठेवून दांडा मारतात, जॅकच मातीत जातो. खाली जाड लोखंडी प्लेट नाहीतर लाकडाचा ओंडका हवा, दोन्ही कोपऱ्यांना जॅक, एकदा इकडे एकदा तिकडे, थोडं उचललं की लगेच दगडाची पॅकिंग. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, कितीही अनुभवी असा. आणि ठोकळा मधून तडकलेला असेल तर उचलायचा नाद सोडा, फोडून नवीन ओता, स्वस्त पडतं.

पोकळीत वाळू भरू नका, पाण्याबरोबर निघून जाते. मी बारीक खडीचं काँक्रीट बाजूने ढकलून सळईने ठासतो, ते घट्ट झाल्यावरच जॅक काढतो. मोकळा भराव खोल असेल तर नुसतं हेही पुरत नाही, माती काढून मुरूम थराथराने धुम्मस करून भरावाच लागतो.

मे महिन्यात हे काम करू नका. काळी माती तेव्हा आकसून भेगाळलेली असते, तुम्ही पायरी बरोब्बर लेव्हलला आणाल आणि जुलैत माती फुगली की तीच वर येईल. मी दिवाळीनंतर करतो. त्याआधी वर्षभर प्लिंथवर पेन्सिलने पायरीची रेघ आणि तारीख टाकायला सांगतो, म्हणजे बसतीये की नुसती वरखाली होतीये ते कळतं. हे सांगितलं की निम्मे लोक फोनच करत नाहीत परत.

प्लिंथ आणि पायरीमधली फट मसाल्याने बंद करू नका, पुढच्या सीझनला तडा ठरलेला. पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट भरा, ते रबरासारखं ताणतं.

तुटलेली कड: टाचे मारा (छिन्नीने खरबरीत करा), धुवा, सिमेंटची स्लरी (पातळ घोळ), मग मसाला. गुळगुळीत जुन्या काँक्रीटवर थापलेलं टिकत नाही.

प्रत्येक पायरीची उंची टेप लावून एकसारखी करा, शेवटची एक इंच जरी कमी-जास्त झाली तरी आजी-आजोबा अडखळतात. पायरीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवा.

आणि क्युरिंग, म्हणजे नवीन काँक्रीट ओलं ठेवणं. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा दिवस ओलं गोणपाट ठेवा. पाहुणे येणारेत म्हणून तिसऱ्या दिवशी पायरी चालू करायची असेल तर पाहुण्यांना मागच्या दाराने आणा.