फुटाळ्याच्या फोटोखाली प्रिस्टीन नका लिहू भाऊ

रविवारी नागपूरचा फुटाळा तलाव, पावसाळ्यात रामटेक, सुट्टीत पेंचचं जंगल, आणि फोटो टाकला की खाली ब्युटिफुल नाहीतर हेवनली, बस. दोनच इंग्रजी शब्द किती घासायचे? आधी फोटोत नेमकं काय आहे ते बघा, मग विशेषण शोधा.

गर्दी नाही, पाणी हलत नाही, नुसती शांतता आहे तर सेरीन. पहाटेची अंबाझरी सेरीन, रविवार संध्याकाळची अजिबात नाही. रामटेकच्या गडमंदिरावरून खाली अंबाळा तलाव आणि काठची देवळं दिसतात ना, त्याला पिक्चरेस्क, म्हणजे चित्रासारखं, आणि बोलताना पिक्चरस्क्यू नका म्हणू, शेवटी नुसता स्क येतो.

आयडिलिकला मात्र माणूस लागतो. शेत, कौलारू घर, अंगणात बांधलेली बैलजोडी, असं साधं सुखाचं गावाकडचं जगणं दिसलं पाहिजे, कारण हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला तो छोट्या कवितेसाठी वापरायचे आणि थिओक्रिटस या ग्रीक कवीच्या गुराख्यांवरच्या कवितांमुळे त्याला हा गावरान रंग चढला. गाईगुरं जास्तच असली तर ब्युकॉलिक पण चालतो, पण मला तो पोटाच्या दुखण्याचं नाव वाटतो, म्हणून टाळतो.

प्रिस्टीन म्हणजे माणसाचा हात न लागलेलं. आता फुटाळ्यावर भुट्टा खात उभं राहून तुम्ही प्रिस्टीन लिहाल तर कसं चालेल? तो पेंचच्या कोअरमधल्या, म्हणजे आतल्या राखीव जंगलासाठी ठेवा, आणि त्याच्या आधी व्हेरी लावू नका, हात लागलेला असतो किंवा नसतो, मधलं काही नाही. पेंचच्याच रात्रीच्या आकाशाला सेलेस्टियल एकदम फिट बसतो, 2024 मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, झालं आणि हा शब्दही आकाशाचाच.

एलिसियन जपून वापरा. एलिसियम म्हणजे ग्रीक पुराणात वीरांना मेल्यावर मिळणारी जागा, होमस्टेच्या जाहिरातीत टाकायचा असेल तर गिऱ्हाईक जिवंत पाहिजे हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा आर्केडियन बरा, म्हणजे निसर्गातलं साधं सुखी जगणं, आर्केडिया हा ग्रीसमधला खराखुरा डोंगराळ भाग आहे.

हॅल्सियन जागेला सहसा लावत नाहीत, सुखाच्या दिवसांना लावतात, हॅल्सियन डेज. मूळ खंड्या पक्ष्याचं ग्रीक नाव, आपल्या तलावांवर तारेवर बसतो त्या पांढऱ्या छातीच्या खंड्याच्या शास्त्रीय नावातही हॅल्सियन आहे.

पॅराडाइजचं विशेषण करायला जाल तर पॅराडिसायकल असं काहीतरी लांबलचक होतं आणि स्पेलिंग हमखास चुकतं, तिथे सरळ पॅराडाइज लिहून मोकळं व्हा.