फ्लेक्ससाठी फोटोतला माणूस नीट कट कसा करावा

गणपती मंडळाचा असो की शिवजयंतीच्या चित्ररथाचा, बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फ्लेक्सवर कार्यकर्त्यांच्या फोटोंची रांग ठरलेलीच. त्यातला एखादा चेहरा पांढऱ्या किनारीमुळे वरून चिकटवल्यासारखा दिसतो. दोष बहुतेक वेळा कडेच्या एक-दोन पिक्सेलांचा असतो.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येणार असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, केस आणि मागची भिंत एकमेकांत मिसळतात. मग कुठलंही टूल उपयोगी पडत नाही.

खालची कृती फोटोशॉपची आहे. ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या फोटोपीतही मेनू जवळपास असेच आहेत.

कंट्रोल-जे दाबून लेअरची (एकावर एक असलेल्या थरांपैकी फोटोच्या थराची) कॉपी करा आणि मूळ लेअर बंद ठेवा. कॉपीच्या खाली नवा लेअर घेऊन त्यात फ्लेक्सचा ठरलेला रंग भरा. पांढऱ्यावर स्वच्छ वाटणारं कटिंग गडद रंगावर उघडं पडतं.

आता पेन टूल घ्या. वरच्या पट्टीत 'शेप' नव्हे, 'पाथ' (नुसती बाह्यरेषा) निवडा. झूम २०० टक्के ठेवा आणि कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून चला. पॉइंट कमीच द्या: खांद्याला दोन-तीन पुरतात, दाट दिले की कड खडबडीत होते. कॉलरच्या टोकाशी ऑल्ट धरून पॉइंटवर क्लिक करा, म्हणजे पुढची रेघ मागचं वळण धरत नाही. डोक्यापाशी पाथ केसांच्या आतून न्या, सुटे केस बाहेर राहू द्यात. फेट्याचा तुरा मात्र पेननेच कापा, त्याची कड कडक असते.

पाथ बंद करून कंट्रोल-एंटर दाबा, फेदर (कडेचा मऊपणा) ०.५ पिक्सेल द्या आणि लेअर मास्क लावा, म्हणजे नको तो भाग न पुसता नुसता झाकला जातो. इरेझर वापरू नका. पुसलेला कान परत येत नाही, मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की येतो. कंबरेवर हात ठेवलेला असेल तर मधली फट वेगळी सिलेक्ट करून मास्कवर काळी भरा. ही फट हमखास राहून जाते.

केसांसाठी 'सिलेक्ट अँड मास्क'मधला रिफाइन एज ब्रश फक्त केसांच्या कडेवरून फिरवा. गालावर फिरला तर कड कुरतडल्यासारखी होते.

मागे भगवे झेंडे असले की पांढऱ्या सदऱ्याच्या कडेवर केशरी झाक येते, कारण तो रंग कापडावर खरोखरच पडलेला असतो. कितीही बारीक कापलं तरी ती जात नाही. वर नवा लेअर घ्या, ऑल्ट-कंट्रोल-जीने क्लिप करा (म्हणजे रंग फक्त खालच्या माणसावरच पडतो), मोड 'कलर' ठेवा. सदऱ्याचा स्वच्छ रंग उचलून २० टक्के ओपॅसिटीच्या मऊ ब्रशने कडेवर फिरवा. झाक जाते, चुण्या तशाच राहतात.

फाइल पीएसडीत, म्हणजे सगळे लेअर सुटे ठेवणाऱ्या फोटोशॉपच्या फाइलीत ठेवा. संध्याकाळी कन्नड फ्लेक्सही हवा म्हणाले तर फक्त अक्षरं बदलायची. सुटं कटिंग कुणाला द्यायचं असेल तर पीएनजी द्या, जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही.