शोभेचा मेपल लावताय? आधी स्थानिक सल्ला केंद्राला विचारा, आणि पानांबरोबर बुंध्याचाही फोटो पाठवा

माझ्या पहिल्या जपानी मेपलची पानं दुसऱ्याच उन्हाळ्यात कडेने करपायला लागली तेव्हा मी काय काय करून बसलो ते आठवलं की आता हसू येतं, आधी पाणी वाढवलं, मग मूठभर खत टाकलं, मग बुरशी असेल म्हणून फवारणी केली, आणि झाड दर आठवड्याला आणखीच केविलवाणं दिसायला लागलं. शेवटी बागकाम सल्ला केंद्राला पानांचे डझनभर फोटो पाठवले तर तिथल्या ताईंचं उत्तर आलं, "पानं बघितली, आता जमिनीलगतच्या बुंध्याचा फोटो पाठवा." म्हटलं बुंध्याचा काय संबंध? पण खाली बसून हाताने माती उकरली तर चार बोटं खाली गेल्यावर कुठे खोड पसरायला लागलेलं, आणि त्याच्याभोवती करंगळीएवढं एक मूळ फास लावल्यासारखं गुंडाळलेलं. रोगबिग काही नव्हता हो, मीच झाड खोल पुरलं होतं.

अशी सल्ला केंद्रं बऱ्याच ठिकाणी असतात पण लोकांना माहीतच नसतात. अमेरिकेत विद्यापीठांची एक्स्टेन्शन सेवा, म्हणजे शेती-बागकामाची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणारी सेवा, १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यापासून चालू आहे, आणि तिथे उत्तरं देणारे बरेचसे मास्टर गार्डनर म्हणजे ट्रेनिंग घेतलेले स्वयंसेवक असतात, ही पद्धत १९७० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात सुरू झाली. ब्रिटनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी आपल्या सभासदांना सल्ला देते. भारतात कृषी विज्ञान केंद्रं आहेत, त्यांचा भर शेतीवर असला तरी मातीबद्दल विचारायला चांगली. काहीच नसेल तर जवळचं बोटॅनिकल गार्डन किंवा बागप्रेमींचं मंडळ गाठा. नर्सरीवाल्याला विचारू नका असं नाही, पण त्याला झाड विकायचं असतं एवढं लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न खरेदीच्या आधी विचारायचा: माझ्याकडे हे झाड जगेल का? जपानी मेपल म्हणजे एसर पाल्मॅटम, मूळचं जपान, कोरिया, चीनकडचं, त्याला हिवाळ्यात पानं गाळून खरोखरची थंडीतली झोप लागते. अमेरिकन हार्डिनेस झोन, म्हणजे हिवाळ्यातल्या कमीत कमी तापमानावरून पाडलेले विभाग, त्यांच्या भाषेत साधारण ५ ते ८. जिथे हिवाळा नावापुरताच आहे तिथे झाड एखाद-दोन वर्षं तग धरतं आणि मग थकत जातं, त्यामुळे केंद्राने नाही म्हटलं तर ऐका, उगाच फोटो बघून हट्ट करू नका. आणि हो म्हटलं तर लगेच विचारा की कोणती जात. ब्लडगूड लाल पानांचा आणि बऱ्यापैकी दणकट, सांगो-काकूची साल हिवाळ्यात पोवळ्यासारखी लाल दिसते, ओसाकाझुकी पानगळीच्या वेळी पेटल्यासारखा होतो, आणि क्रिमसन क्वीनसारखी झालरीच्या पानांची झाडं खाली झुकत वाढतात पण कडक ऊन आणि वारा त्यांना सगळ्यात आधी लागतो.

आता प्रश्न कसा विचारायचा. "माझं झाड मरतंय, काय करू" असं लिहिलंत तर समोरचा माणूस उलटे दहा प्रश्न विचारणार आणि त्यात दोन दिवस जाणार. त्यापेक्षा पहिल्याच मेसेजमध्ये सांगा की झाड कधी लावलं, जमिनीत आहे की कुंडीत, ऊन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत येतं, पाणी किती आणि किती दिवसांनी, गेल्या वर्षभरात खत, औषध, खोदकाम काय झालं, आणि त्रास एकाच फांदीला आहे की सगळीकडे. फोटो चार पुरेत, पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू जवळून, आणि तो बुंधा. जे चुकलं असेल तेही लिहून टाका, लाजू नका, मी खताची गोष्ट आधी लपवली होती आणि नंतर ती सांगावीच लागली.

माती तपासून घ्यायची सोय असेल तर लावण्याआधीच घ्या. नमुना एकाच ठिकाणचा नको, आठ-दहा जागांवरून साधारण १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची थोडी थोडी माती स्वच्छ प्लॅस्टिकच्या बादलीत मिसळा आणि त्यातली सुकवून द्या. मेपलला किंचित आम्लधर्मी माती आवडते, पीएच ५.५ ते ६.५ च्या आसपास, पण त्याहून महत्त्वाचा निचरा. एक फूट खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच उभं असेल तर ती जागा सोडा किंवा उंचवटा करून लावा.

लावताना खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा पण खोली गड्ड्याएवढीच, जास्त नाही. आणि गड्डा मोजायच्या आधी वरची माती बोटांनी बाजूला करून बुंधा पसरतो, म्हणजे खोड रुंद होऊन मुळं सुरू होतात, ती जागा शोधा, कारण नर्सरीतूनच ती कधीकधी मातीखाली गेलेली असते. ती जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर राहिली पाहिजे. गोल गोल फिरलेली मुळं सोडवा, नाही सुटली तर सरळ कापा. वर ५ ते ८ सेंटिमीटर लाकडाच्या सालीचा किंवा पालापाचोळ्याचा थर घाला पण खोडाला टेकवू नका, खोडाभोवती तो डोंगर करायची फॅशन कोणी काढली देव जाणे. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली ही सगळ्यात छान जागा, मात्र अगदी दाट सावलीत लाल जाती हिरवट पडतात.

पहिली दोन-तीन वर्षं पाणी खोलवर द्या, रोज शिंपडत बसू नका, बोट मातीत खुपसून बघा आणि वरचे दोन इंच कोरडे वाटले की द्या. जास्त नायट्रोजनचं खत नको, कोवळी लांबलचक वाढ होते आणि थंडीत मार खाते. छाटणी वसंताच्या तोंडावर करू नका, तेव्हा कापलेल्या जागेतून रस गळत राहतो, पानं गळाल्यावर हिवाळ्याच्या मधल्या काळापर्यंत किंवा मग भर उन्हाळ्यात थोडी थोडी करा. कलमाच्या जोडाच्या खाली खुंटातून, म्हणजे ज्या साध्या रोपावर कलम बांधलेलं असतं त्यातून, साध्या हिरव्या पानांचे फुटवे आले तर लगेच काढा, नाहीतर दोन-चार वर्षांत तुमचा महागाचा लाल मेपल हिरवा होऊन बसेल.

एक गोष्ट मात्र फोटोवर सोडू नका. उन्हाळ्यात एकाएकी एकाच बाजूची फांदी कोमेजली तर तिचा तुकडा कापून आतलं लाकूड बघा, त्यात हिरवट किंवा काळपट रेघा दिसल्या तर व्हर्टिसिलियमचा संशय घ्यायचा, ही मातीतली बुरशी आहे आणि तिच्यावर औषध नाही. तुकडा पिशवीत घालून केंद्रात द्या, प्रयोगशाळेत तपासतात, कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका, आणि झाड गेलंच तर त्या जागी परत मेपल लावू नका.

माझं झाड? पानगळ झाल्यावर उकरून वर घेतलं, ते गळफासाचं मूळ कापलं, पुढच्या वसंतात तीन फांद्या ओक्याबोक्याच राहिल्या तर मी करवत घेऊन निघालो होतो, ताईंनी थांबवलं, म्हणाल्या आधी नखाने साल खरवडा. दोन आतून हिरव्या निघाल्या आणि उशिरा का होईना फुटल्या, तिसरी तपकिरी होती, तेवढीच कापली.