रात्रीतून शून्य झालेलं ब्लीड

डीटीपीतली माझी पहिली नोकरी छापखान्याला लागूनच असलेल्या एका दुकानात होती. महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात फटका बसला. एका क्लासचं ए५ हँडबिल, एकाच बाजूला छपाई, दोन हजार प्रती, पार्श्वभूमी कडेपर्यंत गर्द निळी. संध्याकाळी प्रूफ काढताना एक्स्पोर्टमध्ये ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग, मी स्वतः टाकलं होतं. सकाळी गिऱ्हाइकाने फोन नंबर बदलून मागितला. मी नंबर बदलला, एक्स्पोर्ट दाबलं आणि फाइल पाठवून मोकळी झाले.

दुपारी छापखान्यातले काका गठ्ठा घेऊनच आले. कटिंगनंतर एका कडेला दोऱ्याएवढी पांढरी रेघ.

"ताई, ब्लीड कुठंय?"

"दिलंय की!" म्हणत मी फाइल उघडली. शून्य.

आदल्या संध्याकाळी लाइट गेली होती आणि आमचा यूपीएस नावापुरताच. बरीच सॉफ्टवेअर बदललेली सेटिंग्ज नीट बंद करताना डिस्कवर लिहितात. मध्येच वीज गेली, प्रोग्रॅम हँग झाला, टास्क मॅनेजरमधून मारला, की ते लिहिणं राहतं आणि सकाळी जुनेच आकडे हजर. दुसरी गंमत म्हणजे काही सेटिंग्ज प्रोग्रॅमच्या नसतातच, फाइलच्या असतात. इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर पीएनजी एक्स्पोर्टचा डीपीआय (इंचाला किती ठिपके) त्या एसव्हीजी फाइलमध्येच नोंदवतं. म्हणजे कालच्या फाइलला ३०० होता म्हणून आजच्या नव्या फाइलला असेलच असं नाही. क्लासच्या लॅबमध्ये शिकत असाल तर तिथली काही मशीन रीस्टार्ट झाली की सगळंच पुसतात. तिथे सॉफ्टवेअरला शिव्या देऊन उपयोग नाही.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे प्रीसेट. आकडे एकदा भरायचे आणि नाव देऊन सेव्ह करायचे. नाव असं द्या की घाईतही कळेल: 'ऑफसेट_एक्स१ए_ब्लीड३'. 'नवीन१', 'फायनल२' असली नावं महिन्याभराने तुम्हालाच कळणार नाहीत. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये पीडीएफचा प्रीसेट वेगळ्या फाइलमध्ये काढता येतो. ती पेनड्राइव्हवर ठेवा, नोकरी बदलली तरी उपयोगी पडते.

एक्स१ए म्हणजे पीडीएफ/एक्स-१ए. छपाईसाठीचा हा २००१ सालचा आयएसओ प्रकार. त्यात आरजीबी, म्हणजे स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग, चालत नाही आणि फाँट फाइलमध्येच असावे लागतात. तरी काळ्या मजकुराकडे लक्ष ठेवाच. आरजीबीतला काळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, गेला की बहुतेक वेळा चार शाईंचा होतो, आणि एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांतले अनुस्वार, रफार गढूळ दिसतात. मजकूर फक्त के, म्हणजे काळी शाई, १०० टक्के हवा.

प्रीसेट निवडला तरी माझा एक्स्पोर्टच्या खिडकीवर विश्वास नाही, बाहेर आलेल्या पीडीएफवर आहे. पाठवण्याआधी ती उघडून प्रॉपर्टीजमध्ये पानाचं माप बघते. ए५ म्हणजे १४८ × २१० मिमी. कट मार्क (कापायच्या खुणा) नसतील आणि चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड असेल तर १५४ × २१६ दिसायला हवं. १४८ दिसलं की परत मागे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

शेठनी पगारातून काही कापलं नाही. पण हँडबिलांची मागची बाजू कोरीच होती, आणि पुढचे कित्येक महिने दुकानातला सगळा कच्चा हिशेब त्यावरच लिहिला गेला.